भेटीच्या धोंड्यावरची रेघ

कोकणातून परत आलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला: आंबे आणलेत का? आणले होते, संपले. दुसरा प्रश्न: समुद्र पाहिलात का? पाहिला, आणि माझी एक चप्पलही त्याला देऊन आले. पण मी मुळात गेले होते ती एक रेघ बघायला, असं सांगितलं की माणसं माझ्याकडे जरा काळजीनं बघायला लागतात. आमच्या शेजारच्या बाईंनी तर ‘विश्रांती घ्या हो थोडी’ असंही सांगून टाकलं. म्हणून एकदाच काय ते सगळं लिहून काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. दर वर्षी मुलांना एक प्रश्न घालते. एका पाटीचा अर्धा भाग लाल रंगवला, उरलेला पांढरा. मध्ये फट नाही. आता लाल जिथं संपतो आणि पांढरा जिथं सुरू होतो, ती रेघ कुठल्या रंगाची? पुढच्या बाकावरची मुलं छातीठोकपणे लाल म्हणतात, खिडकीजवळची पांढरी म्हणतात. कुणी म्हणतं दोन्ही, कुणी म्हणतं एकही नाही. मग मी त्यांना छळते. लाल म्हणालात, तर पांढऱ्याला स्वतःची कडच उरली नाही. प्रत्येकाला आपापली कड दिलीत, तर दोन कडांच्या मध्ये काय आहे? काहीतरी असेल तर ते एकमेकांना टेकलेलेच नाहीत. काहीच नसेल तर मग कडा दोन कशा? मुलं डोकं खाजवतात, घंटा होते, आणि जगात कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला खरोखर टेकते की नाही हा प्रश्न पुढच्या वर्षापर्यंत फळ्यावर राहतो.

एकदा हे पुराण मी स्टाफरूममध्ये लावलं होतं. आमच्या ग्रंथालयातली नलू तिथं चहा पीत होती. ती म्हणाली, “बाई, हा प्रश्न आमच्या गावात पण आहे. फक्त आमच्याकडे त्याच्यावरून बोलणं बंद आहे.”

मी कप खाली ठेवला. शिमग्याला नलू माहेरी जाणार होती. मीही येणार म्हणून सांगूनच टाकलं. तिनं बोलावलं होतं की नाही, ते आता आठवत नाही.

घाट उतरताना

एसटीत नलू, तिची दोन वर्षांची मुक्ता आणि मी. मुक्ता अर्धा वेळ नलूच्या मांडीवर आणि अर्धा वेळ माझ्या. दोघींच्या मांड्यांची हद्द तिनं अजिबात मानली नाही. कराड सोडलं, पाटण गेलं, आणि कुंभार्लीचा घाट लागला तसा वारा बदलला. वर कोरडा होता, खाली येऊ लागलो तसा अंगाला चिकटू लागला. नेमका कुठल्या वळणावर बदलला ते पकडायचं म्हणून मी खिडकीबाहेर हात काढून बसले, तर कंडक्टर ओरडला, “ओ बाई, हात हवाय ना घरी जाताना?”

पोफळीला गाडी थांबली. तिथं वीजघराची वसाहत आहे, बैठी घरं, दारात जास्वंद. नलू म्हणाली की घाटावरचं पाणी डोंगराच्या पोटातून इकडे आणून सोडतात. म्हणजे पूर्वेला जायला निघालेलं पाणी पश्चिमेला येऊन पोचतं. मी म्हटलं, अगं, मग डोंगर हद्द कसला? नलू म्हणाली, “बाई, आधी वडा खा. गार होतोय.” वडा उत्तम होता, चटणीनं डोळ्यांत पाणी आलं.

वाटेत नलूनं सगळं भांडण समजावून सांगितलं, ते आधीच सांगते.

नलूचं गाव कुडेखोल, संगमेश्वराकडच्या अंगाला. शेजारचं गाव आसरोंडी. दोन्हींच्या मध्ये एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. कुडेखोलची देवी थोरली बाय, आसरोंडीची धाकटी बाय, सख्ख्या बहिणी. शिमग्यात दोघी पालखीत बसून आपापल्या गावात घरोघर जातात आणि शेवटी एका दिवशी पऱ्यात येऊन भेटतात. पऱ्याच्या मधोमध एक मोठा सपाट कातळ आहे, तो भेटीचा धोंडा. त्याच्यावर दोन्ही पालख्यांचे दांडे एकमेकांना टेकले, की भेट झाली. आणि नियम असा, की बहिणी कितीही लाडक्या असल्या तरी कुठलीही बाय आपली शीव ओलांडत नाही. आजवर कधी कुणाला त्याची अडचण झाली नव्हती. धोंड्याच्या मध्यावर कुठंतरी दांडे टेकायचे, नारळ फुटायचे, मंडळी घरी जायची.

मग मुंबईहून सुट्टीला आलेल्या कुडेखोलच्या पोरांनी ऑइलपेंटचा डबा आणला. धोंडा जरा चांगला दिसावा, एवढाच विचार. सगळाच रंगवला तर आसरोंडीवाल्यांना वाईट वाटेल, म्हणून त्यांनी मोठ्या अदबीनं आपला अर्धाच भाग लाल केला आणि पलीकडचा त्यांच्यासाठी सोडला. आसरोंडीची पोरंही काही कमी अदबशीर नव्हती. त्यांनी आपला अर्धा पांढरा केला, आणि लालाला धक्का लागू नये म्हणून मध्ये थोडी जागा सोडली. झालं. मध्ये उरली काळ्या कातळाची पट्टी. ती कुणाची? पुढच्या वर्षी कुडेखोलनं ती लाल करून टाकली, उगाच उघडी कशाला. आसरोंडीनं लगेच वरून पांढरी केली. त्यानंतर दर शिमग्याला लालावर पांढरा आणि पांढऱ्यावर लाल असे थर चढत गेले. आता लाल पालखी म्हणते आम्ही पांढऱ्याला शिवणार नाही, पांढरी म्हणते आम्ही लालाला शिवणार नाही, आणि रेघेवर दोघींचाही दावा असल्यामुळे दोघी रेघेच्या अलीकडेच थांबतात. दांड्यांच्या मध्ये हातभर हवा. तेवढ्यावर गुलाल उधळायचा आणि रडकं तोंड करून परत फिरायचं.

“आणि ह्याच्यात माझी आई अडकलीय,” नलू म्हणाली. मुक्ता तिच्या कुशीत झोपली होती. नलूला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. तेव्हा तिच्या आईनं दोन्ही बायांना मिळून नवस केला होता: लेकीला मूल झालं की दोघींची भेट होताना जोडओटी भरीन आणि बाळाला जोडलेल्या पालख्यांखालून काढीन. “मुक्ता झाली, पण भेट काही होत नाही. आणि नवस फिटेपर्यंत आईनं आंबा सोडलाय.”

“आंबा? रत्नागिरीत राहून?”

“मुलगी माझी, नवस तिच्यासाठी, आणि आंबा बंद आईचा!” नलू म्हणाली. “मला तर हल्ली पुण्यातसुद्धा आंबा गिळवत नाही हो.”

कुडेखोल

नलूच्या आईला सगळं गाव काकी म्हणतं, मीही म्हणू लागले. बारीक अंगाची, ठसठशीत कुंकू, बोलण्यात हार न जाणारी बाई. मला बघताच म्हणाली, “तुमीच काय गो त्या रेघवाल्या? या, आधी पाय धुवा.”

पाय धुतले, आणि लगेच ताट वाढलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, कोवळ्या फणसाची भाजी, सोलकढी. आमच्या पुण्यात पाहुण्याला ‘जेवूनच आला असाल’ असं म्हणतात. इथं मी खरंच जेवून आले होते, आणि ते सांगून काही उपयोग झाला नाही. माजघराच्या कोपऱ्यात गवतात आंब्यांची आढी लावलेली होती. शिमगा तसा आंब्याला लवकरच, पण तात्यांचं एक झाड उतावळं आहे. अख्खं घर त्या वासानं भरलेलं. काकी त्यातला आंबा काढायची, दाबून बघायची, कापून आम्हाला द्यायची आणि हात थेट पाण्यात बुडवायची. बोटसुद्धा चाटत नव्हती. मला तो आंबा खाताना अगदी अपराध्यासारखं झालं, पण खाल्ला. असा आंबा नाकारण्याएवढी मी थोर नाही.

तात्या म्हणजे नलूचे वडील. मुंबईत गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर गावी आले. थोरल्या बायच्या पालखीचे मानकरी. आणि पलीकडे आसरोंडीत धाकट्या बायचे मानकरी कोण, तर धोंडूमामा, काकीचा सख्खा भाऊ! मेहुणे मेहुणे, एकच विडी दोघांत अर्धी अर्धी ओढणारे, ते आता एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं असलं की काकीमार्फत. “तुझ्या भावाला सांग, बैल धुवायचा तर आमच्या बाजूला गढूळ करू नको म्हणावं.” मग काकी सुकटीची चटणी घेऊन पऱ्या उतरायची, निरोप सांगायची, आणि भावाकडून उलट निरोप आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन परत यायची. तिला कुठल्या काठावर किती वेळ थांबायचं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडा बघायला गेले. पऱ्या आटलेला, एका खळग्यात थोडं पाणी, त्यात बायका कपडे आपटत होत्या. आणि मध्ये तो धोंडा, अर्धा लाल, अर्धा पांढरा. माझी फळ्यावरची पाटी उन्हात उताणी पडली होती! आनंदानं मी टाळीच वाजवली, कपडे धुणाऱ्या बायका हसायला लागल्या. जवळ जाऊन रेघेवरून बोट फिरवलं. भूमितीत रेघेला जाडी नसते, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. ह्या रेघेला भांडणानं चांगली जाडी आली होती. रंगाचे पापुद्रे सुटले होते, एकाखाली एक, लाल, पांढरा, लाल, पांढरा.

संध्याकाळी खळ्यात मी व्याख्यान दिलं. कुणी मागितलं नव्हतं. तात्या, गावची चार मंडळी, आणि दोन्ही गावांच्या मिळून असलेल्या शाळेचे गुरुजी बसले होते. मी म्हटलं, शक्यता चारच. रेघ लाल.

“बरोबर,” तात्या म्हणाले.

रेघ पांढरी.

“हे कोण बोल्ला?”

रेघ दोन्ही.

“म्हंजे आमचं ते त्यांचं? वा!”

आणि चौथी, रेघ कुणाचीच नाही. ह्यावर मात्र सगळेच उठून बसले. “देवीचा धोंडा कुणाचाच नाय? काय बोलताव बाई!”

सकाळी काकीबरोबर पलीकडे गेले आणि धोंडूमामांना तेच सांगितलं. तिथंही तेच झालं, फक्त पहिल्या आणि दुसऱ्या शक्यतेची अदलाबदल. धोंडूमामा गोरेले, गालफडं बसलेले, हसले की डोळे मिटणारे. माझं बोलणं शांतपणे ऐकलं, मग घावन आणि नारळाचं दूध पुढं ठेवलं आणि म्हणाले, “बाई, तुमी शिकलेल्या. पण आमच्या मेव्हण्याच्या डोक्यात शिरंल असं कायतरी बोला की.”

शाळेचे गुरुजी मला परतीच्या वाटेवर भेटले. बौद्धवाडीत राहतात, पालखीत त्यांचा भाग नाही, पण दोन्ही गावांची मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. मी म्हटलं, गुरुजी, तुम्हीच निवाडा करा ना, तुमचं दोघं ऐकतील. ते हसले. “तुम्ही लेख कशावर लिहिताय म्हणालात?”

“स्पर्शावर. एक वस्तू दुसरीला टेकते म्हणजे काय होतं, ह्यावर.”

“माझ्या आजोबांना विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “त्यांची सावली पडली तरी टेकले असं धरायचे. ह्याच पऱ्यावर. आणि आता दांडा दांड्यापासून हातभरावर येतो, तरी टेकता येत नाही म्हणतात. तुमच्या तर्कशास्त्रात बसतं का हे?”

मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. गुरुजींनीच मग विषय सोडला, “चला, घरी चहा घेऊ,” म्हणाले. त्यांच्या घरचा चहा आल्याचा, कडक. दोन कप प्याले. लेखात त्यांचं वाक्य पहिल्या पानावर घालायचं, हे तिथंच ठरवलं.

मालगुंड

मधला एक दिवस मोकळा होता, तेव्हा नलू मला समुद्र दाखवायला मालगुंडला घेऊन गेली. मुक्ताही होती. वाळू, सुरूची झाडं, आणि गर्दी म्हणाल तर आम्ही तिघी आणि एक कुत्रा. मी ओल्या आणि कोरड्या वाळूच्या सीमेवरून चालायचं ठरवलं. एक पाय ओल्यात, एक कोरड्यात. सीमा दर लाटेला हलत होती, मी तिच्यामागे तिरकी तिरकी पळत होते, आणि नलू पोट धरून हसत होती. “बाई, तुमचे विद्यार्थी इथं हवे होते!” तेवढ्यात एक लाट जरा पुढं आली आणि माझी डावी चप्पल घेऊन गेली. मी ‘अगं, अगं’ करत गुडघाभर पाण्यात शिरले, चप्पल दोनदा दिसली आणि मग दिसली नाही.

परतीच्या एसटीत मी एका पायात चप्पल घालून बसले होते. समोरची म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, “बाय, दुसरी पन टाकून दे. कुनाला मिळाली तर जोडी तरी व्हईल.” तिचं बरोबर होतं, पण तोवर समुद्र मागे राहिला होता.

थोरल्या बायपुढे माझी फजिती

पालखी घरोघर फिरायची ते बघण्यासारखं असतं. पुढं ढोल-ताशे, मागं पोरं, खांद्यावर पालखी डुलत डुलत येते, खळ्यात नाचते. घरातली बाई खण-नारळ-तांदूळ घेऊन पुढं होते, पालखी तिच्यासमोर खाली येते, ती ओटी भरते. आमच्याकडे आपण देवळात जातो आणि रांगेत उभे राहतो. इथं देवी दारात येते आणि चहा होईपर्यंत थांबते. मला ही पद्धत फार आवडली.

काकीच्या घरी पालखी यायच्या वेळी नलूला मुक्ताचं काहीतरी निघालं, म्हणून तिनं ओटीचं ताट माझ्या हातात दिलं. “एक मिनिट धरा हो.” मी धरलं, आणि नीट दिसावं म्हणून चार पावलं पुढं गेले. पालखी माझ्याकडे वळली. मी बाजूला सरकले, तीही सरकली. मी मागं झाले, ती पुढं आली. ढोल थांबले. थोरली बाय चांदीच्या मुखवट्यातून माझ्याकडे बघत खाली उतरलेली.

“भरा बाई ओटी,” तात्या कुजबुजले.

“अहो, पण ही माझी नाही. मी नुसती धरलीय!”

“ताट हातात घेऊन बाई उभी ऱ्हायली की बाय तिला टाकून पुढं जात नाय. तितं मानकऱ्याचं पन काय चालत नाय. भरा!”

मी घाबरून भरली. तांदूळ निम्मे देवीला आणि निम्मे पालखीवाल्याच्या डोक्यावर. बायका फिदीफिदी हसत होत्या. एकटी काकी हसली नाही. पदर तोंडाशी धरून ती पालखीकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग रिकाम्या ताटाकडे.

“काय झालं काकी? चुकलं का काही?”

“नाय गो बाई,” ती म्हणाली. “लई बेस केलंत.”

भेट

भेटीच्या दिवशी उन्हं कलली तशी दोन्ही गावं पऱ्याच्या दोन काठांवर जमली. चाकरमानी नव्या शर्टात, बायका नव्या लुगड्यात, गुरुजी त्यांच्या मुलांना घेऊन आमच्या काठावर. थोरली बाय इकडून उतरली, धाकटी तिकडून. दोन्हीकडचे ढोल एकमेकांना ऐकू जाऊ नयेत अशा जोरानं वाजत होते. पालख्या नाचत नाचत धोंड्यावर चढल्या. एक लालावर, एक पांढऱ्यावर. दांडे पुढं झाले, आणि रेघेजवळ येऊन थांबले. मध्ये हातभर हवा. इकडे पुढच्या खांद्याला तात्या, तिकडे धोंडूमामा. दोघं एकमेकांच्या डोक्यावरून पलीकडच्या झाडांकडे बघत होते.

नलूनं माझा हात घट्ट धरला. “झालं. आता गुलाल उधळतील आणि वळतील. आई कुठाय?”

आई धोंड्यावर चढत होती. हिरवं लुगडं, हातात ताट. कुणाला काही कळायच्या आत ती त्या हातभर हवेत जाऊन उभी राहिली. एक पाय लालावर, एक पांढऱ्यावर. ढोल अडखळले आणि बंद झाले.

“अगो, काय करतेस? बाजूला हो!” तात्या ओरडले.

“ओटी भरतेय,” काकी म्हणाली. “थोरल्या बायच्या गावची सून हाय मी. हक्क हाय माझा.”

“मंग आमच्याकडं तोंड करून भर ना!”

“धाकट्या बायच्या गावची लेक पन हाय. तिला पाठ कशी दाखवू?”

धोंडूमामा चाचरले. “बाय, असं कर. आधी त्यांची भर, मंग आमची भर. आमी थांबतो.”

“नारळ एकच आणलाय रे धोंडू. खण एकच, तांदूळ एकाच ताटात. नवस जोडओटीचा हाय. दोघींनी एकदम यायचं आणि एकदम घ्यायची.” आणि मग दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, “नायतर ऱ्हाऊ दे. मी हितंच उभी हाय. ताट हातात असलेल्या बाईला टाकून बाय मागं फिरते का, ते सांगा मला.”

सगळ्यांनी गुरवाकडे बघितलं. म्हातारा गुरव काठीवर रेलून उभा होता. त्यानं मान हलवली. “फिरत नाय. असं कदी झालेलं नाय.”

पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. मी आयुष्यात पुष्कळ पेच मुलांना घातले, असा एकही जमला नव्हता. रेघ लाल की पांढरी, हा प्रश्नच कुणाला पडेना. रेघेवर काकी उभी होती, आणि ती कुणाची हे विचारायची दोन्ही काठांवर कुणाची छाती नव्हती. ती दोघांचीही होती, पुरती इकडची आणि पुरती तिकडची. माझी ती तिसरी शक्यता, जिला खळ्यात सगळ्यांनी ‘वा!’ करून उडवून लावलं होतं, हिरवं लुगडं नेसून समोर उभी होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी हसत होते. नलूचंही तेच चाललं होतं.

“काय करायचं?” तात्यांनी विचारलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी हे थेट धोंडूमामांना विचारलं होतं.

“काय करायचं, वाकायचं,” धोंडूमामा म्हणाले. “तुमची बायको आनि माझी भैण. दुसरं काय आपल्या हातात हाय?”

दोन्ही पालख्या एकदम खाली झुकल्या. काकीनं ताट वर धरलं. दांडे पुढं आले, तिच्या दोन्ही खांद्यांवरून, आणि तिच्या डोक्याच्या वर लाकडाला लाकूड लागलं. टक्. तो आवाज मी स्पष्ट ऐकला. मग काहीच ऐकू आलं नाही, कारण दोन्ही काठ ओरडत होते, ढोल एका तालात आले होते, गुलाल कुठून कुठं उडत होता ते कळत नव्हतं. नलू मुक्ताला घेऊन धावली आणि तिला जोडलेल्या दांड्यांखालून पलीकडे काढली, मग पुन्हा अलीकडे, मग आनंदाच्या भरात पुन्हा पलीकडे. मुक्ताला हा खेळ फार आवडला, तिनं आणखी हवा म्हणून भोकाड पसरलं. गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्याही शर्टावर गुलाल होता. “बाई,” ते म्हणाले, “हे लिहा.”

“आधी कोन टेकलं?” गर्दीतून एका चाकरमान्यानं विचारलं. “आमी की ते?”

“गप ऱ्हा मेल्या!” दोन्ही काठांवरून एकदम उत्तर आलं.

आंबा

त्या संध्याकाळी काकीच्या खळ्यात दोन्हीकडची माणसं बसली. धोंडूमामा आणि तात्या एकाच विडीवर, मधूनच एकमेकांना ढोसत. तात्या आत गेले आणि आढीतला सगळ्यात पिकलेला आंबा हातात घेऊन आले. “घे. खा आता.” धोंडूमामांनी कनवटीला बांधलेलं फडकं सोडलं, त्यांचाही एक आंबा निघाला. “आधी माहेरचा.”

“आधी घरचा!”

“अवो, नवस कुनामुळं फिटला?”

झालं, पुन्हा सुरू! नलूनं कपाळावर हात मारला. काकी दोघांकडे बघत होती. मग तिनं दोघांच्या हातांतले आंबे घेतले, मांडीवर घोळवून मऊ केले, दोन्ही एकाच वाडग्यात पिळले आणि हात मनगटापर्यंत बुडवून ढवळले. कोयी बाहेर टाकल्या. बोटं तोंडात घातली, एकेक करून, सावकाश, डोळे मिटून. तात्यांनी तोंड फिरवलं, डोळे पुसत होते.

मग काकीनं वाडगा माझ्यापुढं सरकवला.

“घ्या रेघवाल्या बाई,” ती म्हणाली. “मारा आता ह्याच्यात रेघ.”

मी वाडगा उचलला आणि तोंडाला लावला.